पॅनमनची काच

सांगलीत ‘ऑटोमेशनमध्ये आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कुठल्या कारखान्यात?’ इकडं कारखाना म्हणजे साखरेचाच, आणि यंत्रं आपोआप चालवायच्या आमच्या धंद्याची सुरुवातही बरीचशी तिथलीच.

यंत्रांची ओळख त्याआधीची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं तिथं बनू लागली. १९४७ मध्ये सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, आजचं वालचंद. पुढं वसंतदादांच्या पिढीनं सहकारी कारखाने उभे केले.

त्या कारखान्यात खरा मान पॅनमनचा, म्हणजे रस उकळून साखरेचा दाणा पाडणाऱ्या कामगाराचा. पॅनमध्ये, म्हणजे त्याच्या बंद भांड्यात, निर्वात करून रस साधारण ६५-७० अंशांवर उकळतो. पॅनमन थोडा नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरून उजेडात धरायचा, बोटांत तार ओढून बघायचा. रस गरजेपेक्षा घट्ट झाला की नको तिथं बारीक दाणा सुटतो आणि सेंट्रिफ्युगलवर (गरगर फिरवून साखर वेगळी करणाऱ्या यंत्रावर) साखर नीट धुतली जात नाही. हे सगळं त्याच्या डोळ्यात होतं, वहीत कुठंच नव्हतं.

मोटारींच्या कारखान्यातली रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांची, कपाटं हटवण्यासाठी १९६८ मध्ये अमेरिकेत पीएलसी निघाला: यंत्रं चालवणारा छोटा संगणक. आमच्याकडं तो उशिरा आला, पण आल्यावर मुक्कामच केला. मिलच्या वरच्या चुटमध्ये (ऊस खाली सोडणाऱ्या उभ्या नळकांड्यात) ऊस चढला की केन कॅरिअर, म्हणजे ऊस वाहणारा पट्टा, आपोआप मंद, उतरला की जोरात; चोकप, म्हणजे तुंबलेला ऊस, काढायला मध्यरात्री धावणं कमी झालं. (बंद झालं असं लिहिलं तर मिल फिटर हसतील.) पॅनलाही सेन्सर बसले. सेन्सरचा सिग्नल ४ ते २० मिलिॲम्पिअर. शून्यापासून का नाही? शून्य आलं म्हणजे टाकी रिकामी नव्हे, वायर तुटली, हे लगेच कळावं म्हणून. उसाच्या चिपाडात वायरी कुरतडणारे उंदीर भरपूर. ही सोय किती कामाची, ते हंगामात कळतं.

साखरेवर शिकलेले हात मग बेदाणा आणि हळदीकडं वळले. तासगाव भागात बेदाणा निवडायला बायका बसायच्या; आता कलर सॉर्टरमध्ये कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो आणि डागाळलेला हवेच्या फुंकरीनं उडवतो. मात्र मशीन सेट करताना व्यापारी आधी टेबलावर मूठभर बेदाणा पसरतो, एकेक दाणा बोटानं सरकवत सांगतो, ‘हा चालंल. हा नको. ह्यो... ठेवा, बघू.’ त्या तिसऱ्या दाण्यावरच आमची दुपार जाते.