बेलोंद्राद: ओकच्या पिंपात आंबवलेली वेर्देहो

लाकडी पिंपातली व्हाइट वाइन म्हटली की लाकडाचा आणि व्हॅनिलाचा दाट वास येणार, असे आमचे बरेच ग्राहक गृहीत धरतात. बेलोंद्राद या स्पॅनिश व्हाइट वाइनची बाटली उघडताना ही अपेक्षा बाजूला ठेवावी, अशी आमची विनंती आहे. त्यामागचे कारण ही वाइन बनवण्याच्या पद्धतीत आहे.

स्पेनमधील वायादोलिद शहराच्या नैऋत्येस, दुएरो नदीच्या खोऱ्यात रुएदा हा वाइन-विभाग आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० ते ८०० मीटर उंचीचे हे पठार गोट्यांनी भरलेल्या, पाण्याचा सहज निचरा होणाऱ्या जमिनीचे आहे. उन्हाळ्यात दिवसा कडक ऊन असले तरी रात्री गारवा असतो, त्यामुळे पिकलेल्या द्राक्षातही आंबटपणा टिकून राहतो. वेर्देहो हे इथले जुने पांढरे द्राक्ष. पूर्वी त्यापासून शेरी या स्पेनमधल्या कडक वाइनच्या वळणाची, हवा लागलेली सोनेरी वाइन बनत असे. १९७० च्या दशकात रियोहा या स्पेनमधल्याच दुसऱ्या वाइन-विभागातील मार्केस दे रिस्काल ही वाइनरी इथे आली, थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्यांतली ताजी वाइन रूढ झाली आणि १९८० साली रुएदाला अधिकृत मूळस्थान-दर्जा मिळाला. तेव्हापासून रुएदाची वाइन म्हणजे वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायची, हलकी आणि स्वस्त, असा समज पक्का झाला. आमच्या मते या समजामुळे वेर्देहोवर अन्यायच झाला आहे.

हा समज मोडणाऱ्यांमध्ये दिदिए बेलोंद्राद हे फ्रेंच गृहस्थ अग्रभागी होते. फ्रान्समधल्या बोर्दोतील वाइन-घराण्यातल्या ब्रिजित ल्युर्तों यांच्यासह त्यांनी १९९४ च्या हंगामात रुएदात आपली पहिली वाइन बनवली. फ्रान्सच्या बर्गंडी भागात शार्डोने या पांढऱ्या द्राक्षासाठी वापरली जाणारी, लाकडी पिंपात आंबवण्याची पद्धत त्यांनी वेर्देहोला लावली, आणि तीही आजूबाजूचे जवळजवळ सगळे स्टीलकडे वळलेले असताना. बाटलीवर बराच काळ दोघांचीही आडनावे छापली जात. पुढे रुएदातल्या ला सेका या गावी द्राक्षमळ्याच्या मधोमध त्यांनी स्वतःची वाइनरी उभी केली. मार्ता बाकेरिसो यांनी तिथे अनेक वर्षे वाइन घडवण्याचे काम पाहिले, आणि पुढच्या पिढीतले ज्याँ बेलोंद्राद यांनी कारभाराची धुरा घेतली.

द्राक्षे हाताने खुडली जातात आणि मळ्याच्या प्रत्येक तुकड्यातील फळ वेगळे ठेवले जाते. रस निवळल्यावर तो फ्रेंच ओकच्या पिंपांत भरतात, आणि बाहेरून विकत आणलेल्या यीस्टऐवजी द्राक्षांसोबत मळ्यातून आलेल्या यीस्टवर तो आंबू देतात. पिंप लहान असल्याने आंबताना निर्माण होणारी उष्णता मोठ्या टाकीच्या मानाने लवकर बाहेर पडते. आंबवण संपल्यावर मेलेले यीस्ट तळाशी बसते. वाइन त्याच गाळावर काही महिने मुरते आणि मधूनमधून काठीने गाळ ढवळला जातो, त्यामुळे तिला साईसारखा भरीवपणा येतो.

लाकडाचा वास मर्यादेत राहण्याचे श्रेयही याच यीस्टला आहे. ओकमधून रसात उतरणाऱ्या व्हॅनिलिनचे, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणाऱ्या घटकाचे, रूपांतर जिवंत यीस्ट जवळजवळ गंध नसलेल्या पदार्थात करते, आणि लाकडाचे तुरट घटक व रंग यांचा काही अंश नंतर गाळ शोषून घेतो. वाइन स्टीलमध्ये आंबवून मग नव्या पिंपात ओतली असती, तर यीस्टचे हे काम झाले नसते आणि तीच वाइन अधिक लाकडी व गडद झाली असती. म्हणजे लाकडाशी संबंध जितका लवकर येतो, तितके लाकूड कमी जाणवते. नव्या ग्राहकांना हे ऐकून बहुधा आश्चर्य वाटते. बडीशेप, सुका चारा आणि शेवटी किंचित, हवाहवासा कडूपणा ही वेर्देहोची ओळख बेलोंद्रादमध्ये शाबूत राहते, ती यामुळेच.

ही वाइन बर्फासारखी गार करू नये, कारण तसे केल्यास तिचा वास मिटतो आणि फक्त आंबटपणा उरतो. १० ते १२ अंश सेल्सिअस तापमान योग्य आहे. त्यासाठी बाटली फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावी आणि वाइन रुंद ग्लासात ओतावी. लोण्यात परतलेले पापलेट, भाजलेली कोंबडी किंवा मुरलेले चीज तिच्यासोबत छान लागते, मात्र झणझणीत रश्श्यापुढे तिचा टिकाव लागत नाही. चांगल्या हंगामाची बाटली काही वर्षे सहज टिकते, परंतु आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवू नये. थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवावी. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या दिवशीही उत्तम लागते, आणि आम्हाला स्वतःला ती अनेकदा दुसऱ्या दिवशीच जास्त आवडते.