घरी शिरेतून पोषण: रुग्णांच्या नोंदी ठेवायला सुरुवात कशी झाली

हातातल्या साध्या सलाईनवर माणूस काही दिवस तग धरतो, त्यावर वर्षानुवर्षं जगता येत नाही. त्यातली साखर पातळ असते, आणि शरीराला पुरेल इतकी दाट केली तर हाताची बारीक शीर सुजते, बंद पडते. १९६०च्या दशकात पेनसिल्वेनिया विद्यापीठात स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. त्यांनी नळीचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नेऊन ठेवलं. तिथे रक्ताचा ओघ इतका मोठा असतो की दाट द्रावण लगेच विरळ होतं. केवळ अशा पोषणावर कुत्र्याची पिल्लं वाढली, वयात आली. १९६८मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. शिरेतून देता येईल असं चरबीचं द्रावण त्याआधीच स्वीडनमध्ये आर्विद व्रेटलिंड यांनी तयार केलं होतं.

पण ज्यांचं आतडं जवळजवळ सगळं कापावं लागलं, त्यांनी जन्मभर हॉस्पिटलातच राहायचं का? १९७०च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये मॉरिस शिल्स, सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर आणि टोरांटोत खुर्शीद जीजीभॉय यांनी असे रुग्ण घरी पाठवायला सुरुवात केली. रात्री पंप लावायचा, सकाळी काढायचा, दिवसा कामावर जायचं. १९७३मध्ये आलेल्या ब्रोव्हियाक कॅथेटरमुळे हे सोपं झालं. ही नळी कातडीखालून काही अंतर सरकवलेली असते आणि तिच्यावरच्या कापडी पट्टीभोवती ऊती वाढून ती घट्ट बसते.

रुग्ण घरी गेला की डॉक्टरांच्या नजरेआड होतो. शिवाय एकेका हॉस्पिटलात असे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एका रुग्णाकडे बारकाईने पाहून काय हाती लागतं, हे १९७७मध्ये टोरांटोच्या एका बाईंच्या नोंदीत दिसलं. शिरेतून पोषण सुरू होऊन साडेतीन वर्षं झाल्यावर त्यांचं वजन कारण नसताना उतरलं, मज्जातंतूंचा त्रास सुरू झाला, रक्तातली साखर आवरेना. इन्सुलिन द्यावं लागलं. मग द्रावणात क्रोमियम घातलं आणि इन्सुलिनची गरजच संपली, मज्जातंतूही पुढच्या काही महिन्यांत सुधारले. अन्नातून नकळत मिळणारा हा धातू पिशवीत कुणी घातलाच नव्हता. काही वर्षांनी हृदयाच्या स्नायूच्या आजारात सेलेनियमची कमतरता अशीच उघड झाली. पिशवीत काय नाही, हे रुग्णांच्या शरीरांनी सांगितलं. कुणीतरी ते लिहून ठेवलं, म्हणून पुढच्यांचा जीव वाचला.

एका रुग्णावरून आयुर्मान मात्र कळत नाही, त्यासाठी नोंदी एकत्र हव्यात. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या १९७७पासूनच्या २०० रुग्णांचा आढावा १९८६मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत डॉक्टर लिन हॉवर्ड यांनी आपल्या एका रुग्णासोबत १९८३मध्ये ओली फाउंडेशन सुरू केलं, आणि त्या संस्थेच्या पुढाकाराने १९९२पर्यंत देशभरची रजिस्ट्री, म्हणजे रुग्णांची सामायिक नोंदवही, चालली. त्या नोंदींतून एक गोष्ट ठसठशीत दिसली: रुग्णाचं पुढे काय होणार हे पोषणापेक्षा मूळ आजारावर ठरतं. क्रोन्सचे, म्हणजे आतड्याला सतत सूज आणणाऱ्या आजाराचे, रुग्ण वर्षानुवर्षं जगत होते, कॅन्सरचे बरेचसे काही महिनेच. दोघांची सरासरी काढणं म्हणजे दोघांबद्दलही चुकीचं सांगणं. फ्रान्समधल्या १२४ रुग्णांच्या १९९९च्या अभ्यासात आखूड आतड्याचे ७५ टक्के रुग्ण पाच वर्षांनीही हयात होते, पण हा आकडाही त्या आजारापुरताच खरा.

दुसरा धडा संसर्गाचा. घरच्यांना खूण पाठ असते: पंप लावल्यावर थोड्याच वेळात हुडहुडी भरली तर नळीत जंतू शिरल्याची शंका घ्यायची आणि हॉस्पिटल गाठायचं. पण ‘वर्षात तीन संसर्ग’ एवढंच लिहिलं तर काहीच कळत नाही. दहा रुग्णांनी वर्षभर नळी वापरली तर ते ३,६५० दिवस होतात, आणि तीन संसर्ग म्हणजे हजार दिवसांमागे एकाहून कमी. दोघांनीच तीन महिने वापरली असेल तर तेच तीन हजारामागे सोळाच्या वर जातात. म्हणून आज सगळीकडे हजार कॅथेटर-दिवसांमागे संसर्ग मोजतात. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. यामुळेच एका केंद्राची दुसऱ्याशी न्याय्य तुलना होते.

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. १९९६मध्ये ब्रिटनची देशव्यापी पाहणी सुरू झाली, २०११मध्ये अमेरिकेत ‘सस्टेन’ ही नवी रजिस्ट्री आली, २०१५मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी आतडं निकामी होण्याची व्याख्या आणि वर्गवारी ठरवून दिली. तोवर एकाच अवस्थेला चार ठिकाणी चार नावं होती. त्रुटी मात्र राहिली. नोंद ऐच्छिक असली की जे लवकर दगावतात तेच वहीत यायचे राहतात आणि निकाल आहे त्याहून बरा दिसतो.

रुग्ण जगतो कसा, हा प्रश्न सर्वांत उशिरा विचारला गेला. रात्रभरात दोन-तीन लिटर द्रव शरीरात जातो, लघवीला पुन्हा पुन्हा उठावं लागतं, पंपाचा अलार्म वाजला की शेजारी झोपलेलं माणूसही जागं होतं. यकृताच्या तपासण्या वर्षानुवर्षं जपून ठेवल्या गेल्या, झोपेसाठी मात्र कागदावर रकाना नव्हता. जीवनमानाच्या खास प्रश्नावल्या आल्या तेव्हा कुठे तो आला.