बोंबील

सिनोडोंटिडी कुळातील मऊ अंगाचा सागरी मासा. शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवरच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. खानदेशात बोंबील म्हणजे आठवडे बाजारात गोणपाटावर रचलेली वाळकी, तपकिरी जुडी. ताजा बोंबील इथे फार थोड्यांनी पाहिलेला असतो, आणि वाळक्यावरून त्याची कल्पनाही येत नाही.

ताजा बोंबील करडा, अर्धपारदर्शक आणि हातात लिबलिबीत लागतो. त्याच्या मांसात चार-पंचमांशाहून जास्त पाणीच असते. लांबी साधारण २५ सेंमी, फार तर ४० सेंमी. काटे नरम, खवले मुख्यतः अंगाच्या मागच्या अर्ध्यावर, शेपटी तीन पाळ्यांची. डोळे बारीक, पण जबडा डोळ्यांच्याही बराच मागे फाकतो. दात सुईसारखे व आत वळलेले असल्याने धरलेले भक्ष्य सुटत नाही. जवळा, कोळंबी, लहान मासे हे त्याचे खाद्य. प्रसंगी तो स्वतःच्या जातीची पिल्लेही गिळतो.

पाणचट स्नायू आणि मोठा जबडा ही ठेवण खोल समुद्रातल्या माशांत नेहमी आढळते. बोंबलाचा सख्खा भाऊबंद हार्पाडॉन मायक्रोकिर खोल पाण्यातच राहतो; लांब परांवर तळाशी उभा राहणारा तिपाई मासा याच गणातला. बोंबील तितका खोल जात नाही. वर्षाचा बराच काळ तो किनाऱ्यापासून दूर, वाळूमिश्रित चिखलाच्या तळाजवळ असतो आणि पावसाळ्यात थव्यांनी नदीमुखांकडे येतो. भुसावळवरून वाहणारी तापी सुरतेजवळ ज्या खंबातच्या आखाताला मिळते, त्याच्या आसपासचा समुद्र बोंबलासाठी प्रसिद्ध आहे. खानदेशाचा या माशाशी संबंध बाजारापुरताच नाही, असे म्हणायला त्यामुळे जागा आहे.

वसई-वर्सोव्यापासून सौराष्ट्रातील जाफराबादपर्यंत तो डोल जाळ्यात, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात सापडतो. वाळवताना मीठ लावत नाहीत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी बांबूच्या मांडवावरील दोरीवर टांगतात. बाजारातल्या बोंबलाचे तोंड वासलेले असते ते म्हणूनच.

खानदेशी घरात डोके-शेपूट मोडून तुकडे तव्यावर भाजतात, गरम पाण्यात धुतात आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या काळ्या मसाल्यात, बहुधा वांग्यासोबत, शिजवतात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी.