पुढची पाचर, मागची पाचर

भुसावळच्या माणसाला बोगी समजावून सांगावी लागत नाही. बोलताना आपण डब्यालाच बोगी म्हणतो, पण रेल्वेच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखाली चाके धरून ठेवणारी आणि वळणावर फिरणारी चौकट. अमेरिकी रेल्वेत या चौकटीला ‘ट्रक’ म्हणतात, आणि स्केटबोर्डच्या फळीखाली पुढे व मागे बसवलेल्या दोन-दोन चाकांच्या जोडणीलाही तेच नाव आहे. रावेर-सावद्याहून केळी घेऊन दिल्लीकडे निघणारा ट्रक वेगळा. रेल्वेच्या बोगीला रूळ वळवतात. स्केटबोर्डला रूळ नाहीत आणि हँडलही नाही, त्यामुळे स्वार ज्या बाजूला फळी कलवतो त्या बाजूला ती वळते. कलण्यातून वळण काढण्याची ही युक्ती न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी चार चाकांच्या स्केटसाठी वापरली आणि १८६३ मध्ये तिचे पेटंट घेतले.

युक्तीचे मर्म एका तिरक्या अक्षात आहे. चाकांचा आस, म्हणजे दोन चाके जोडणारा दांडा, ज्या अक्षाभोवती फिरतो, तो अक्ष आडवा असता तर फळी नुसतीच डुलली असती, आणि उभा असता तर आपण कितीही कललो तरी फळी कललीच नसती आणि आस वळला नसता. अक्ष मधल्या कोनात ठेवला की चारही चाके जमिनीवर राहण्यासाठी आसाला फिरावेच लागते. किती फिरावे लागते याचे गणित सोपे आहे: कलण्याच्या कोनाची ज्या (साइन) आणि अक्षाने जमिनीशी केलेल्या कोनाची स्पर्शज्या (टॅन) यांचा गुणाकार केला की आस किती वळला त्याची स्पर्शज्या मिळते. फळी १५ अंश कलली, तर ५० अंशांचा ट्रक सुमारे १७ अंश वळतो आणि २५ अंशांचा जेमतेम ७.

स्लॅलममध्ये, म्हणजे ओळीने मांडलेल्या शंकूंमधून नागमोडी जाण्याच्या शर्यतीत, हा फरक मुद्दाम ठेवतात: पुढे मोठा कोन, मागे लहान. दोन्ही ट्रक ५० अंशांचे आणि दोन आसांमधले अंतर ४५ सेंटिमीटर असेल, तर १५ अंशांच्या कलावर वळणाची त्रिज्या सुमारे ७३ सेंटिमीटर येते. मागचा ट्रक २५ अंशांवर आणला की ती १०५ पर्यंत वाढते. मग वळण रुंद करून मिळवले काय? दोन्ही कोन सारखे असताना फळी आपल्या मध्याभोवती फिरते, त्यामुळे शेपूट वळणाच्या बाहेर फेकले जाते. कोन ५० आणि २५ केले की हा स्थिर बिंदू मागे सरकतो आणि मागच्या आसापुढे जेमतेम १३ सेंटिमीटरवर, मागच्या पायाच्या जवळ येतो. त्या पायाला रेटा द्यायला घट्ट जागा मिळते, आणि स्लॅलमचा वेग त्या रेट्यातूनच येतो. आखाजीच्या झोक्यावर बसलेली मुलगी पाय जमिनीला न लावता केवळ अंगाच्या लयीने झोका उंच नेते, तसाच स्वार शंकूंमध्ये पाय खाली न टेकवता वेग वाढवतो: चाके तिरकी असताना रस्ता त्यांना आडवा रेटा देतो आणि त्याचा काही भाग पुढच्या दिशेला पडतो. मागची चाके फार वळू लागली, तर हा रेटा वाया जातो. शिवाय वेगात फळी थरथरू लागते. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना किंचित चूक कशी आपोआप वाढत जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

कोन बदलायला ट्रक बदलावा लागतो असे नाही. ट्रकची बैठक आणि फळी यांच्यामध्ये पाचर बसवली की पुरते. माझ्या पुतण्याने जळगावात सुताराकडून प्लायवूडच्या अशा दोन पाचरी कापून घेतल्या, जुने स्क्रू पुरेनात म्हणून लांब आणले, आणि मेहरूण तलावाकाठी पाण्याच्या बाटल्या मांडून तो निघाला. तिसऱ्या बाटलीलाच शेपटाने फटका दिला. मागची पाचर उलटी बसली होती, म्हणजे जाड कड जिथे हवी त्याच्या विरुद्ध बाजूला, त्यामुळे कोन घटण्याऐवजी वाढला होता. हे निघण्यापूर्वीच कळले असते: फळी जमिनीवर ठेवून तिची एक कड दाबायची आणि कोणता आस जास्त वळतो ते डोळ्यांनी पाहायचे. दहा सेकंदांचे काम आहे, पण ते आम्हा दोघांनाही सुचले नाही, आणि मी तर त्याला वर अक्षाचे गणित शिकवत होतो.

कोन बदलला की बुशही पाहावे लागते. किंगपिनवर, म्हणजे ट्रकच्या मधल्या बोल्टवर, बसवलेले पॉलियुरेथेनचे हे बुश कललेल्या फळीला परत सरळ करतात. कोन मोठा असला, तर तेवढ्याच कलाला ते अधिक दबते, म्हणून पुढे मऊ आणि मागे कठीण बुश घालण्याची पद्धत आहे. पॉलियुरेथेन उष्णतेने मऊ पडते, ही गोष्ट आपल्याकडे विसरून चालत नाही. जानेवारीच्या पहाटे ताठ वाटणारी फळी मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर जाऊन आलेल्या दिवसाच्या संध्याकाळी, लगेच कलते. त्यामुळे पुतण्या उन्हाळ्यात पाचरींना हात लावत नाही, फक्त किंगपिनचा नट पाव फेरा आवळतो.