सुहैल इब्न अम्र

(मृत्यू इ. स. ६३९). मक्केच्या कुरैश जमातीतील बनू आमिर कुळाचा पुढारी. आधी इस्लामचा कडवा विरोधक, पुढे सहाबी (पैगंबरांचा सहकारी). वक्ता म्हणून त्याचा दबदबा मोठा होता. मुसलमान व कुरैश यांच्यातील बद्रच्या लढाईत (६२४) तो मुसलमानांच्या कैदेत पडला, तेव्हा ‘याचे पुढचे दात पाडा, म्हणजे पुन्हा आपल्याविरुद्ध बोलायला उभा राहणार नाही’, असे पैगंबरांचे सहकारी (पुढे दुसरे खलीफा) उमर यांनी सुचवले. मुहंमद पैगंबरांनी नकार दिला. खंडणी भरून तो सुटला.

६२८ मध्ये यात्रेसाठी मक्केकडे निघालेल्या मुसलमानांशी मक्केजवळच्या हुदैबिया येथे कुरैशांतर्फे वाटाघाटी त्यानेच केल्या. कराराचा मसुदा पैगंबरांचे जावई अली लिहीत होते. आरंभीच्या ‘रहमान, रहीम’ या शब्दांना सुहैलने हरकत घेतली आणि ‘अल्लाहचे प्रेषित’ ऐवजी ‘अब्दुल्लाहचा पुत्र मुहंमद’ असे लिहायला लावले. ठरले ते असे : दहा वर्षे युद्धबंदी, मुसलमानांनी यंदा परत फिरायचे आणि पुढच्या वर्षी तलवारी म्यानात ठेवून तीन दिवस मक्केत यायचे, पालकाच्या परवानगीविना मदिनेला गेलेला कुरैश परत करायचा, मदिनेहून मक्केत आलेला मात्र परत मिळणार नाही. वरवर पाहता बाजी सुहैलने मारली होती. पण करार पुरता होण्याआधीच त्याचा मुसलमान झालेला मुलगा अबू जंदल पायांत बेड्या घेऊन तिथे पोचला, आणि बापाने त्याला कलमावर बोट ठेवून परत नेले. हेच कलम पुढे कुरैशांना भोवले. मक्केहून निसटलेले, पण या कलमामुळे मदिनेत आसरा न मिळालेले अबू बसीर, अबू जंदल आदी मुसलमान समुद्रकाठच्या व्यापारी वाटेवर कुरैशांचे तांडे लुटू लागले. अखेर हे कलम रद्द करा, अशी विनंती कुरैशांनाच करावी लागली.

मक्का पडली त्या दिवशीही (६३०) खंदमा डोंगरापाशी प्रतिकार करणाऱ्यांत सुहैल होता. दुसरा मुलगा अब्दुल्लाह बद्रच्या वेळीच मुसलमानांना मिळाला होता. त्याने बापासाठी अभय मिळवले. त्याच वर्षीच्या हुनैनच्या लढाईनंतर मक्केजवळच्या जिअराना येथे सुहैलने इस्लाम स्वीकारला. मने वळवण्यासाठी ज्यांना लुटीतला वाटा दिला गेला, त्यांत त्याला शंभर उंट मिळाले. त्यामुळे हा स्वीकार सोयीचा होता, अशी शंका येते. पण पुढचे वर्तन तिला दुजोरा देत नाही. ६३२ मध्ये पैगंबरांच्या निधनाची वार्ता येताच मक्का डळमळली आणि तिथला अधिकारी अत्ताब लपून बसला. तेव्हा काबेपाशी उभे राहून सुहैलने लोकांना सावरले.

पुढे खलीफा झालेल्या उमर यांच्या दारी बिलालसारख्या एकेकाळच्या गुलामांना आधी आत घेतले गेले, तेव्हा ताटकळलेल्या सरदारांना त्याने सुनावले : इस्लामची हाक त्यांनाही आली, आपल्यालाही, ते धावले, आपण रेंगाळलो. त्यानंतर तो सीरियाच्या मोहिमेवर गेला. बहुतेक वृत्तांतांनुसार पॅलेस्टाइनमधील अमवासच्या प्लेगमध्ये त्याचा मृत्यू झाला. काहींच्या मते बायझंटिनांविरुद्धच्या यरमूकच्या लढाईत (६३६).