सँडपेपर (लाकूडकामासाठी निवड व खरेदी)

लाकूड घासून सपाट व गुळगुळीत करण्यासाठी वापरला जाणारा, एका बाजूला कठीण खनिजाचे दाणे चिकटवलेला कागद किंवा कापड. सुतारकामात त्याला पॉलिश पेपर असेही म्हणतात. तेराव्या शतकात चीनमध्ये शिंपल्यांचा चुरा, बिया आणि वाळू डिंकाने चर्मपत्रावर चिकटवून असा कागद करीत. लंडनमध्ये जॉन ओकी यांनी १८३३ मध्ये काचेच्या चुऱ्याचा कागद मोठ्या प्रमाणावर तयार करायला सुरुवात केली, तर पाण्यात भिजवून वापरता येणारा कागद थ्रीएम कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणला.

खरेदी करताना पहिल्यांदा पाहिला जातो तो नंबर. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. पी ८० चा दाणा साधारण २०० मायक्रॉनचा असतो, पी १२० चा १२५ आणि पी २२० चा ६८ मायक्रॉनच्या आसपास. ‘पी’ हे अक्षर युरोपीय ‘फेपा’ मानकाचे. अक्षर नसेल तर कागद बहुधा जुन्या अमेरिकी मोजणीचा असतो. २२० पर्यंत दोन्हींत फारसा फरक नाही, पण पुढे त्या दूर जातात : अमेरिकी ३२० हा जवळपास पी ४०० इतका बारीक आणि अमेरिकी ४०० तर पी ६०० आणि पी ८०० यांच्या मधला. वेगवेगळ्या कंपन्यांचे कागद एकाच कामात वापरणाऱ्याने म्हणूनच मागची छपाई वाचून घ्यावी.

नंबरापेक्षाही महत्त्वाचा असतो दाण्यांचा एकसारखेपणा, आणि स्वस्त कागद बहुतेक वेळा इथेच मार खातो. २२० च्या कागदात चुकार एखादा जाड दाणा शिरला तरी तो प्रत्येक हाताबरोबर लाकडावर ओरखडा ओढत राहतो. कोरड्या लाकडावर तो दिसतही नाही. रंग चढला की उठून दिसतो, आणि मग सगळे पुन्हा घासावे लागते. फळीवर अगदी तिरपा उजेड टाकून पाहिले, तर असे ओरखडे आधीच सापडतात.

दाण्याच्या प्रकारांपैकी ॲल्युमिनियम ऑक्साइड हा लाकडासाठी सर्वांत हिशेबी. त्याचा दाणा घासताना थोडा थोडा फुटून नव्या कडा उघड्या करतो, त्यामुळे कागद बराच वेळ चालतो. गार्नेट लवकर झिजतो, पण हाताने शेवटचा हात मारण्यासाठी अनेक कारागीर अजूनही तोच पसंत करतात. सिलिकॉन कार्बाइड अधिक कठीण व तीक्ष्ण असला तरी ठिसूळ असतो. व्हार्निशच्या दोन थरांमध्ये किंवा पाण्याबरोबर घासायला तो उत्तम. कोऱ्या लाकडावर त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. सिरॅमिक दाण्याला फुटायला यंत्राचा दाब लागतो, म्हणून हातकामात त्याची किंमत वसूल होत नाही. काचेचा किंवा गारगोटीचा कागद सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर बोथट होणारा. जुना रंग काढताना मात्र तोच परवडतो, कारण तिथे कोणताही कागद रंगाने भरून फेकूनच द्यावा लागतो.

पाठीच्या कागदाचे वजन ‘ए’ ते ‘एफ’ अक्षरांनी दाखवतात. ‘ए’ पातळ असल्याने वळणदार भागांवर चांगला बसतो. जाड दाण्याला ‘सी’ किंवा ‘डी’ लागतो. राळयुक्त, मऊ लाकडासाठी विरळ दाण्यांचा, म्हणजे पृष्ठभागाचा साधारण ५० ते ७० टक्के भागच व्यापणारा कागद घ्यावा. दाट दाण्यांचा कागद तिथे भुशाने लगेच भरतो.

किफायत ठरते ती एका कागदात किती लाकूड घासून होते यावरून. दुप्पट किमतीचा कागद तिप्पट चालला, तर तो एक तृतीयांशाने स्वस्तच पडला; मेहनत वाचली ती वेगळी. याची परीक्षा सोपी आहे. फळीवर पेन्सिलीने आडव्या रेघा ओढाव्यात, त्या पुसल्या जाईपर्यंत घासावे आणि पुन्हा ओढाव्यात. दोन कागदांचे सारखे तुकडे घेऊन कोणता जास्त वेळा रेघा पुसतो ते मोजले की उत्तर मिळते. कागद दुमडल्यावर घडीवरचे दाणे भुरभुर गळत असतील, तर परीक्षेचीही गरज नाही.

सर्व नंबरांचे मिश्र पाकीट दिसायला स्वस्त असते, पण त्यातले निम्मे कागद पडून राहतात. बहुतेक फर्निचर ८०, १२०, १८० आणि २२० या चारांत होते, त्यातही ८० फक्त रंध्याचे किंवा करवतीचे व्रण काढायला. रोजचे काम असेल तर १२० आणि १८० चे रोल घेणे फायद्याचे. नंबर गाळण्याचा मोह मात्र महागात पडतो. ८० चे ओरखडे थेट २२० ने काढायला बसले, तर २२० चे कागद संपतात आणि ओरखडे राहतात. फळीच्या टोकाचा आडवा छेद रंग जास्त पितो, म्हणून तो एक नंबर पुढे जाऊन घासतात.

साठा कोरड्या जागी, सपाट फळीखाली ठेवावा. दमट हवेत कागद गुंडाळतो आणि सरसाने चिकटवलेले दाणे सुटतात. यंत्राचा पट्टा किंवा चकती भुशाने भरली, तर क्रेप रबराच्या ठोकळ्याने साफ करून ती पुन्हा चालते. दाणेच बोथट झाले असतील, तर या उपायाचा उपयोग नाही. झिजलेला १२० चा कागद २२० च्या जागी चालवून घेण्याची सवय अनेकांना असते, पण त्याने लाकूड कापले जात नाही, नुसते दाबून चमकते, आणि त्या चमकलेल्या जागी रंग फिका बसतो.