सॅप नेटवीव्हरमधला लॉगिनशिवायचा प्रवेश: 2010 पासूनची पार्श्वभूमी

24 एप्रिल 2025 रोजी सॅपने, म्हणजे मोठ्या कंपन्यांचा कारभार चालवणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने, वेळापत्रकाबाहेर एक तातडीचा पॅच काढला. सुरक्षेचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात आणि बेसिसची, म्हणजे सॅप सिस्टिम सांभाळणाऱ्या टीमची, कामे त्याच हिशेबाने लावलेली असतात. चौथ्या गुरुवारी आलेली नोट (सॅपचे दुरुस्तीचे सूचनापत्रक) म्हणूनच न वाचताही गंभीर वाटावी अशी होती. सीव्हीई-2025-31324 (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या दोषाचा जागतिक यादीतला क्रमांक), तीव्रता 10 पैकी 10. नेटवीव्हर हा सॅपच्या सॉफ्टवेअरचा पाया; त्याच्या जावा सर्व्हरवरच्या व्हिज्युअल कम्पोझर या स्क्रीन बनवायच्या साधनात फाइल अपलोड करण्याची एक सोय होती आणि ती सोय युजर कोण हे विचारतच नव्हती. बाहेरच्या कुणीही फाइल ठेवावी, ब्राउझरमधून तिला हाक मारावी आणि सर्व्हरवर आज्ञा चालवाव्यात, इतके ते सोपे होते. पॅच हातात पडला तेव्हा हल्ले आधीच सुरू झाले होते.

याच जावा सर्व्हरवर लॉगिन न विचारणारा, पूर्ण दहा गुणांचा दोष जुलै 2020 मध्येही सापडला होता. त्याच जातीचा आणखी एक 2010 मध्ये बंद झाला, निदान कागदावर तरी. आज चर्चा 2025 च्या पॅचची होत असली, तरी तो प्रसंग समजायचा तर 2010 मध्ये घेतलेल्या एका निर्णयापाशी जावे लागते.

त्याआधीचा काळ थोडक्यात. 1992 मध्ये सॅपचे आर-थ्री हे सॉफ्टवेअर आले तेव्हा ते ग्राहकाच्या आतल्या नेटवर्कवर चालायचे. आत बसलेला माणूस आपलाच, हे गृहीत धरलेले होते. त्या काळातली काळजी डिफॉल्ट पासवर्डची. सॅपस्टार या युजरचा पासवर्ड 06071992 असायचा आणि तो युजर कुणी डिलीट केला तर सिस्टिम आपोआप ‘पास’ हा पासवर्ड स्वीकारू लागायची. हे थांबवणारा पॅरामीटर होता, पण तो ग्राहकाने स्वतः लावायचा. 2000 नंतर पोर्टल आली. पुरवठादाराने बाहेरून ऑर्डर बघावी, कर्मचाऱ्याने घरून रजेचा अर्ज भरावा, यासाठी जावाचा सर्व्हर इंटरनेटकडे तोंड करून उभा राहिला. अबॅपच्या, म्हणजे सॅपच्या स्वतःच्या प्रोग्रामिंग भाषेच्या, बाजूला लॉगिनचा मार्ग बव्हंशी एकच होता. जावाच्या बाजूला मात्र आपल्या कोणत्या भागासाठी लॉगिन लागेल, हे प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन आपल्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहायचे. जे लिहायचे राहिले, ते उघडे राहिले.

इन्व्होकर सर्व्हलेटची गोष्ट इथे सुरू होते. ही मुळात डेव्हलपरसाठी केलेली सोय. एखादा सर्व्हलेट (सर्व्हरवर विनंतीला उत्तर देणारा जावा प्रोग्राम) कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नोंदवलेला नसला तरी नुसत्या क्लासच्या नावाने त्याला यूआरएलमधून बोलावता यायचे. नवा कोड झटपट तपासायला हे बरे पडायचे. अडचण अशी की लॉगिनचे आणि अधिकाराचे नियम त्याच फाइलमध्ये, नोंदवलेल्या पत्त्यांना लावलेले असायचे. क्लासच्या नावाने आत शिरणाऱ्याची गाठ त्या नियमांशी पडायचीच नाही. अशा रीतीने पोचता येणाऱ्यांमध्ये सीटीसी नावाचा भाग होता. इन्स्टॉलेशननंतर सिस्टिमची मांडणी करून देणे हे त्याचे काम, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच्या आज्ञा चालवायची ताकद त्याला दिलेली होती.

2010 मध्ये हे लक्षात आल्यावर सॅपने दोन गोष्टी केल्या. नेटवीव्हर 7.20 पासून इन्व्होकर सर्व्हलेट मुळातच बंद करून दिला. त्याहून जुन्या आवृत्त्यांसाठी नोट काढली आणि तो बंद करण्याचे काम ग्राहकावर सोपवले. काम म्हणजे सर्व्हलेटच्या सेवेतल्या ‘एनेबल इन्व्होकर सर्व्हलेट ग्लोबली’ या प्रॉपर्टीची किंमत ‘ट्रू’ची ‘फॉल्स’ करायची. बदल एका ओळीचा.

वाद आहे तो या दुसऱ्या गोष्टीचा. सॅपने पुढे दिलेले कारण असे की, जुन्या आवृत्त्यांवर हा बदल परस्पर केला असता तर ग्राहकांनी स्वतः लिहून घेतलेली अ‍ॅप्लिकेशन बंद पडली असती. या कारणात तथ्य आहे. दहा वर्षांपूर्वी एखाद्या कंत्राटदाराकडून करून घेतलेले डीलर पोर्टल, त्याचा कोड कुणाकडे आहे ठाऊक नाही, लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला, असे चित्र कोणत्याही मोठ्या कारखान्यात दिसते. असे पोर्टल एका पॅचने अचानक बंद पडले तर माल अडकतो, आणि रात्री फोन बेसिसवाल्यालाच येतो.

तरीही हा निर्णय चुकीचा होता असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण तांत्रिक नाही. बंद करून दिलेली सोय ज्याला हवी तो ती उघडतो, आणि त्या उघडण्याची निदान कुठेतरी नोंद होते. उघडी दिलेली सोय बंद करायला मात्र कुणाला तरी पुढाकार घ्यावा लागतो. आधी क्वालिटीवर, म्हणजे चाचणीच्या सिस्टिमवर, करून बघा, डेव्हलपमेंटवाल्यांकडून सगळ्या अ‍ॅप्लिकेशनची यादी घ्या, ती पूर्ण आहे असे लेखी घ्या, जावा रीस्टार्ट करायला बिझनेसकडून वेळ मागा, महिनाअखेरचे क्लोजिंग टाळा, आणि काही मोडलेच तर उत्तर द्यायला उभे राहा. या सगळ्याच्या बदल्यात दिसणारा फायदा शून्य, कारण काल चालत होते तेच आजही चालते. ऑडिटवाल्यांच्या चेकलिस्टमध्ये विशेष अधिकार कुणाकडे आहेत, पासवर्ड किती दिवसांनी बदलतो हे बघतात. जावाच्या सेवेतली ही ओळ त्यात सहसा नसायची. ज्यांच्याकडे काम सोपवले त्यांच्याकडे ते करण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांच्यापर्यंत नोट पोचली नाही.

याचा हिशेब मे 2016 मध्ये समोर आला. जगभरातल्या 36 संस्थांच्या सॅप सिस्टिममध्ये याच वाटेने शिरल्याच्या खुणा सापडल्या. तेल, वीज, पोलाद, वाहननिर्मिती, दूरसंचार अशा क्षेत्रांतल्या या संस्था अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत या देशांतल्या होत्या. अमेरिकी सरकारी यंत्रणेने सॅपविषयी काढलेला पहिला इशारा तो हाच. दोषाला सीव्हीई क्रमांकसुद्धा तेव्हा मिळाला, 2010-5326, म्हणजे सहा वर्षांनी मागचे साल लावून. क्रमांक नसल्यामुळे दोष शोधणाऱ्या नेहमीच्या स्कॅनरच्या अहवालात तो ठळक दिसण्याची शक्यताही इतकी वर्षे कमीच होती. सॅपचे म्हणणे तेव्हाही तेच राहिले की, आम्ही 2010 पासून हे बंद करून देत आहोत. ते खरे होते. हल्ले झाले ते जुन्या आवृत्त्यांवर आणि जुन्या सेटिंगवर.

मधल्या काळात सीटीसीचे नाव पुन्हा एकदा आले होते. लॉगिनचे नियम ब्राउझरच्या विनंतीच्या ‘गेट’सारख्या ठराविक पद्धतींसाठीच लिहिलेले, आणि ‘हेड’ पद्धतीने विनंती पाठवली तर ते लागूच होत नाहीत, हे 2011 मध्ये एका सुरक्षा परिषदेत जाहीर दाखवले गेले. 2019 मध्ये सॅपच्या मेसेज सर्व्हर आणि गेटवे या भागांशी कुणाला जोडता येईल हे ठरवणाऱ्या अ‍ॅक्सेस लिस्टवरून गाजावाजा झाला. तो विषय जावाचा नव्हता, पण त्यावरची पहिली नोट 2005 ची होती.

आणि मग जुलै 2020. ‘रिकॉन’ या नावाने ओळखला गेलेला सीव्हीई-2020-6287. जागा एलएम कॉन्फिगरेशन विझार्ड, म्हणजे पुन्हा सीटीसीचेच घराणे आणि पुन्हा इन्स्टॉलेशननंतरची मांडणी करून देणारी सेवा. एक विनंती पाठवली की लॉगिनशिवाय अ‍ॅडमिन युजर तयार होत होता. नेटवीव्हर जावाच्या 7.30 पासून 7.50 पर्यंतच्या आवृत्त्या यात आल्या, म्हणजे 2010 च्या निर्णयाने सुरक्षित ठरलेल्या नव्या आवृत्त्यासुद्धा. हा विझार्ड सिस्टिम उभी करताना वापरायचा, नंतर त्याचे नावही कुणी काढत नाही. तरी तो चालूच असायचा. पॅच 14 जुलैला आला आणि दोन-तीन दिवसांत दोष वापरून दाखवणारा कोड सार्वजनिक झाला. पॅच लावता येत नसेल तर विझार्ड बंद करा, हा सल्ला होता. तेही चोवीस तासांत होत नसेल तर सिस्टिमवर बारीक नजर ठेवा, असे अमेरिकी यंत्रणेने सांगितले. कोविडमुळे सगळे घरी बसलेले, आणि व्हीपीएनवरून प्रॉडक्शनचा, म्हणजे रोजचे काम चालते त्या सिस्टिमचा, जावा रीस्टार्ट करायचा. पुण्यात, हैदराबादेत, बंगळूरला बसून परदेशी ग्राहकांच्या सिस्टिम सांभाळणाऱ्यांनी तो आठवडा कसा काढला, हे त्यांच्याकडूनच ऐकावे.

एप्रिल 2021 मध्ये सॅप आणि एका संशोधन कंपनीने मिळून अहवाल काढला. पॅच आल्यापासून 72 तासांच्या आत तो उलगडून हल्ल्याचे हत्यार बनवले जाते, आणि क्लाउडवर नव्याने उभी केलेली असुरक्षित सॅप सिस्टिम तीन तासांच्या आत हेरून फोडली जाते, असे त्यात नोंदवले होते. मोठ्या कंपनीत बदलाची मंजुरी द्यायची समिती आठवड्यातून एकदा बसते. तिचे वेळापत्रक या आकड्यांनंतरही बहुतेक ठिकाणी बदलले नाही.

2025 चा प्रसंग या सगळ्याच्या पुढचा, आणि एका बाबतीत वेगळा आहे. इथे पॅच आधी आणि हल्ला नंतर, हा क्रमच उलटला. जानेवारीपासून चाचपणी सुरू असल्याच्या खुणा लॉगमध्ये मागाहून सापडल्या. त्यामुळे ‘पॅच लावला, तिकीट बंद’ हे उत्तर पुरेसे राहिले नाही. हल्लेखोरांनी पोर्टलच्या फोल्डरमध्ये ‘हेल्पर’, ‘कॅश’ अशा निरुपद्रवी नावांच्या जेएसपी फाइल (सर्व्हरवर चालणारा जावा कोड असलेल्या) ठेवल्या होत्या. पॅचने नवी फाइल येणे थांबते, आधी ठेवलेली तिथेच राहते आणि हाकेला ओ देत राहते. ज्या टीमने घाईने पॅच लावला, रीस्टार्ट केले आणि फोल्डर उघडून पाहिलेच नाही, त्यांच्या घरात पाहुणा तसाच राहिला. 2010 ते 2020 या काळात बेसिसला शिकवलेली कामाची पद्धत नोट वाचा, लावा, कळवा अशी होती. प्रॉडक्शनवर कुणी घुसले आहे असे धरून शोध घेणे हे सुरक्षा टीमचे काम मानले जायचे, आणि त्या टीमला सॅपच्या फोल्डरची रचना ठाऊक नसायची. एप्रिलच्या अखेरीस दोघांना पहिल्यांदाच एका कॉलवर बसावे लागले, असे बऱ्याच ठिकाणी घडले.

शिवाय काम एका नोटमध्ये संपले नाही. तात्पुरता उपाय म्हणून आधी सुचवलेले काही पर्याय पुढे बाद ठरवले गेले आणि तो अपलोडचा भाग पूर्णच काढून टाका, असा सल्ला आला. 13 मे रोजी दुसरी नोट आली, सीव्हीई-2025-42999. पहिल्या दोषाच्या मुळाशी असलेली, डेटा न तपासता उलगडण्याची चूक तिने दुरुस्त केली. पहिला पॅच वेळेत लावलेल्यांनाही पुन्हा डाउनटाइम मागावा लागला. तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा प्रॉडक्शन बंद ठेवायला प्लांटच्या माणसाला राजी करणे किती कठीण असते, हे नोट लिहिणाऱ्यांपर्यंत पोचायला हवे. ऑगस्टमध्ये दोन्ही दोष जोडून वापरणारा तयार कोड उघड्यावर आला, आणि मे महिन्यातली नोट पुढे ढकललेल्यांना तेव्हा धावाधाव करावी लागली.

व्हिज्युअल कम्पोझर डिफॉल्ट इन्स्टॉलेशनमध्ये येत नाही, हा मुद्दा सॅपच्या बाजूने मांडला जातो. प्रत्यक्षात कोड न लिहिता स्क्रीन बनवता येते म्हणून बिझनेसवाल्यांच्या आग्रहाने तो असंख्य ठिकाणी चालू केला गेला होता आणि मग विसरला गेला. नेटवीव्हर 7.5 ची नियमित देखभाल 2027 च्या अखेरीस थांबते. पैसे भरून ती 2030 पर्यंत वाढवण्याची सोय काही उत्पादनांसाठी आहे, आणि जावावरची पोर्टल हलवण्याचे काम अनेक कंपन्यांच्या यादीत सगळ्यात शेवटी आहे.